न उघडलेला पूल

संपत कोकरे याचा मोजता येणाऱ्या गोष्टींवर विश्वास होता. दौंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होता, आणि मुलांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर देण्याआधी प्रत्येकाची शून्यत्रुटी तो स्वतः तपासून घेत असे. उपकरणच चुकीचे असेल तर मापाला अर्थ नाही, हे वाक्य तो दर जूनमध्ये नव्या मुलांना ऐकवी. नवस, साडेसाती, दृष्ट लागणे यांवर तो वाद घालत नसे. पुरावा मागे आणि गप्प बसे. मत्सरही त्याने याच गाठोड्यात बांधून ठेवला होता. त्यामुळे चुलत बहिणीचे चित्र पाहताना छातीखाली काहीतरी पिळल्यासारखे झाले, तेव्हा त्याने आधी आम्लपित्ताची गोळी घेतली.

गोळीचा उपयोग झाला नाही. एरवी प्रत्येक निरीक्षण टिपून ठेवणाऱ्या संपतने हे मात्र टिपले नाही.

ही दिवाळीतली गोष्ट, खुटबावच्या घरातली. संपत दर रविवारी भीमेच्या काठी जाऊन दौंडचा रेल्वेपूल काढत असे. टाकाच्या बारीक टोकाने आधी रेषा, मग जलरंगाचे पातळ हात. पुलाच्या लोखंडातला रिव्हेट न् रिव्हेट आणि काठच्या बाभळीचे पान न् पान त्यात असे. एक चित्र पुरे व्हायला पावसाळा संपून थंडी लागे. असे एक चित्र त्याने वडिलांपुढे धरले. मल्हारी आबांनी आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे मेंढरांमागे काढली होती आणि पुढची उसाच्या सऱ्यांत. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिले.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पार फोटूवानी."

आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याची वस्तू परत करावी तसे, त्यांनी ते परत केले.

त्याच दुपारी अंकिता आली. ती संपतच्या वारलेल्या चुलत्याची धाकटी मुलगी. शिरूरच्या एका शाळेत ती तासिकेवर चित्रकला शिकवायची आणि कारेगावात थोरल्या बहिणीकडे राहायची. दाजी कारखान्यात होते. पॅकिंगची मोडकी खोकी ते तिला आणून देत. खोकी उलगडून, सपाट करून त्यांवर ती भिंतींना रंग देण्याच्या ब्रशाने चित्रे काढी. काळा, मळका पांढरा आणि गेरू. चौथा रंग क्वचित. विषय एकच: मेंढरांचे कळप.

तिने एक पुठ्ठा भिंतीला टेकवला. आबा उठले, जवळ गेले आणि एकेक मेंढरू बोटाने मोजत गेले.

"पट्टा चुकला," अखेर ते म्हणाले.

"कुठं, आबा?"

"आपल्या मेंढरांला गेरूचा पट्टा उजव्या फऱ्यावर, खांद्याशी असायचा. ह्यो डावीकडं हाय. ही हरिबाची मेंढरं झाली."

"मग हरिबाचीच समजा."

"हरिबाची एवढी पोसलेली नव्हती कवा." आबा आणखी वाकले. "आन् ही कडंची लंगडतीय. तिला मधी घे, पोरी. लांडगा न्हेईल."

संपत दारात उभा होता. एक म्हातारा माणूस पुठ्ठ्याशी भांडत होता आणि पुठ्ठ्यावरच्या मेंढीची काळजी करत होता. त्याच्या पुलाशी आजवर कोणी भांडले नव्हते. पुलावरून चाललेली गाडी कुठली, एवढेही कोणी विचारले नव्हते. आणि या मुलीच्या हातात पहिला ब्रश त्यानेच दिला होता. याच ओसरीवर बसवून, तिची बोटे धरून, झाडाचा बुंधा खालून वर कसा ओढायचा हे शिकवले होते. पेरलेले उगवले की शेतकऱ्याला आनंद होतो असे म्हणतात. ते पीक दुसऱ्याच्या खळ्यात पडले तर काय होते, हे सांगणारी म्हण त्याला आठवली नाही.

जानेवारीत पुण्याच्या एका कलादालनाची जाहिरात पेपरात आली. ग्रामीण भागातल्या तिशीच्या आतील चित्रकारांचे प्रदर्शन, जागा मोजक्या. साल दोन हजार चार होते आणि कलादालनाला काळाबरोबर राहायचे होते, म्हणून अट अशी की फोटो पाठवू नयेत, मूळ चित्रेही आणू नयेत. चित्रकाराने स्वतःच्या चित्रांची वेबसाइट तयार करावी आणि तिचा पत्ता कळवावा. संपतला पुढच्या वर्षी तीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही पहिली संधी होती आणि नियमानुसार शेवटची. त्याला काय हवे आहे ते त्याने कोणाला सांगितले नाही, पण स्वतःशी ते अगदी स्पष्ट होते. पांढऱ्या भिंतीवर पूल टांगलेला असावा, आबांना तिथे न्यावे, आणि अनोळखी माणसे त्या पुलापुढे थांबलेली आबांनी पाहावीत.

दौंड स्टेशनबाहेर धम्मदीपचा नेट कॅफे होता. चार संगणक, एक स्कॅनर, एकच फोन लाइन. धम्मदीप संपतच्याच प्रयोगशाळेतून बारावी होऊन गेलेला. अजूनही त्याला सर म्हणायचा आणि कोपऱ्यातले यंत्र त्याच्यासाठी राखून ठेवायचा. वेबसाइट बांधायचे शास्त्र संपतने पुस्तकातून शिकून घेतले. कोणत्या खुणेने अक्षर ठळक होते, कोणत्या खुणेने चित्र मधोमध येते, हे त्याला आवडले, कारण त्यात श्रद्धेला जागा नव्हती. खूण चुकली की पान मोडते, बरोबर असली की उभे राहते. महिनाभर संध्याकाळी बसून त्याने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचे पान रचले. वर नाव, मग 'चित्रकाराविषयी' असा मजकूर, मग बारा चित्रे आणि तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा.

चित्रे त्याने स्कॅनरच्या सर्वांत बारीक मापावर घेतली. बाभळीचे एकही पान गळता कामा नये. एक चित्र एका फ्लॉपीत मावत नव्हते, याचा त्याला थोडा अभिमानच होता.

"सर, लई जड होतंय," धम्मदीप म्हणाला. "उघडायला वेळ घेईल."

संपतने कोपऱ्यातल्या यंत्रावर पान उघडून दाखवले. ते लगेच उघडले. "घेतला वेळ?"

धम्मदीप काही सांगणार होता, पण रेल्वेभरतीचा निकाल पाहायला चार जण एकदम आत आले आणि ते राहून गेले. ती बारा चित्रे फोन लाइनवरून वर चढवायला सबंध रविवार लागला, लाइन कितीदा तरी तुटली. संपतने त्याला कष्ट मानले. ते माप होते, हे त्याच्या लक्षात आले नाही.

पुढच्या शनिवारी अंकिता आली. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्यापर्यंत एक एसटी, तिथून दुसरी; टपावर दहा पुठ्ठे सुतळीने बांधलेले.

"कंडक्टर म्हणला, ह्याचं लगेज लागंल," तिने सांगितले. "म्हणलं, मेंढरं हायेत, हाफ तिकीट द्या."

धम्मदीप हसला. संपतने तिला आपले पान दाखवले. तिने ते वरपासून खालपर्यंत नीट पाहिले.

"ब्येस झालंय. पण लग्नपत्रिकेवानी दिसतंय, दादा. खाली 'आपले नम्र' तेवढं राहिलंय."

"तुला करून हवंय की नको?"

"पाहिजे की. म्या पत्ता कळवायचा तो कुणाचा, तुझा? माझं साधं कर. पांढरं पान, चित्रं, नाव, आन् शेजारच्या काकूंचा फोन नंबर. माझ्याविषयी काय लिहू नगंस. लिहिण्याजोगं व्हऊ दे, मग लिहू."

पुठ्ठे स्कॅनरवर मावणारे नव्हते. धम्मदीपने आपला डिजिटल कॅमेरा काढला आणि गच्चीवर, उन्हात, एकेका पुठ्ठ्याचा फोटो घेतला. खाली येऊन त्याने ते फोटो कोपऱ्यातल्या यंत्रावर उतरवले. पहिला कळप पडद्यावर आला तसा शेजारच्या खुर्चीवरचे गिऱ्हाईक आपला पडदा सोडून वळले. चहा घेऊन आलेला हौसराव किटली हातात धरून तिथेच थांबला.

"ही कुणाची?" त्याने विचारले.

"हरिबाची," अंकिता म्हणाली.

"कुठला हरिबा? पाटसचा?"

"तुमचा असंल तर तुमचा."

"मागची काळी गाभण दिसतीय," हौसराव म्हणाला आणि चहा गार होईपर्यंत मेंढरांकडे पाहत राहिला.

संपतची बारा चित्रे याच यंत्रावर महिनाभर उघडी होती. हौसराव रोज दोनदा येत होता. त्याने एकदाही किटली थांबवली नव्हती. संपतने खिशात आम्लपित्ताची गोळी चाचपली; या खेपेस ती जवळ नव्हती.

अंकिता आणि धम्मदीप पुठ्ठे पुन्हा बांधायला गच्चीवर गेले, तेव्हा तो यंत्रापुढे एकटा होता. फोटो जतन करताना ते सॉफ्टवेअर एक पट्टी दाखवी: क्वालिटी, बारापासून शून्यापर्यंत. पट्टी डावीकडे सरकवली की फाइल हलकी होते आणि चित्र त्या प्रमाणात झिजते. स्वतःची चित्रे त्याने बारावर ठेवली होती. आता त्याला धम्मदीपचे म्हणणे आठवले: जड चित्र उघडायला वेळ घेते. कारण खरे होते, आणि तिच्याच भल्याचे होते. फक्त ते त्याने स्वतःच्या चित्रांना लावले नव्हते. एका प्रयोगात दोन नमुन्यांना दोन नियम लावणाऱ्या मुलाची वही त्याने लाल शाईने परत केली असती.

त्याने पट्टी आठवर आणली. कळप तसाच होता. पाचवर आणली. काळ्या लोकरीच्या कडा किंचित उसवल्या. तीनवर गेरूच्या पट्ट्याभोवती बारीक चौकोन दिसू लागले आणि आकाशात मळ साचल्यासारखे झाले. तिथे तो थांबला. मग त्याने चित्रांची रुंदीही पोस्टकार्डाएवढी करून टाकली. दहाच्या दहा चित्रे एका फ्लॉपीत मावली आणि जागा उरली.

अंकिता खाली आली. तिने पडद्याकडे पाहून डोळे बारीक केले. "जरा धुरकट दिसतंय का?"

"स्क्रीन तशी आहे," संपत म्हणाला.

"मघाशी न्हवती."

"मघाशी ऊन होतं."

या वाक्याला काहीही अर्थ नव्हता, आणि ते भौतिकशास्त्राच्या माणसाने उच्चारले होते. अंकिताने मान डोलावली. दादाने सांगितले म्हणजे तसे असणार. त्या डोलावण्याने त्याला लाज वाटायला हवी होती; वाटले ते असे की, सुटलो एकदाचा.

दोन्ही पत्ते एकाच दिवशी पुण्याला गेले. मग वाट पाहणे आले. संपत रोज कॉलेज सुटल्यावर कॅफेत जाऊन आपल्या पानाच्या तळाचा आकडा पाही. त्यातून स्वतःच्या भेटी तो प्रामाणिकपणे वजा करी. बाकी फार लहान उरे. मग तो अंकिताचा आकडा पाही; तिने न मागता तो त्याने तिच्याही पानाच्या तळाशी बसवला होता. अडचण अशी होती की तिचा आकडा पाहायला तिचे पान उघडावे लागे, आणि उघडले की तिचा आकडा वाढे. ही पद्धत मुळातच सदोष होती, पण मत्सराला दुसरी उपलब्ध नव्हती. एका आठवड्यात त्याने एकट्याने तिला बरीच लोकप्रिय करून ठेवले.

होळीच्या आधीच्या रविवारी तो खुटबावला गेला तेव्हा दारातच गिताबाई, म्हणजे अंकिताची आई, पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. पहिला पेढा तिने त्याच्याच तोंडात घातला. अंकिता आत आबांपुढे बसून हातवारे करत सांगत होती.

"काकूंकडं फोन आला. म्या शाळेतनं येऊन भाकरी थापीत हुते, तशीच पिठाच्या हातानं पळाले. पुण्याच्या बाई म्हणल्या, अंकिता कोकरे का? तुमची निवड झाली. म्हणलं, कशी काय हो? तर म्हणल्या, तुमचं पान चटकन उघडलं, आम्ही सगळ्यांनी एकदम बघितलं. बाकीच्यांची निम्मी उघडतच न्हाईत म्हणं, लई जड केलेली." ती संपतकडे वळली. "म्हणलं, माझ्या दादानं केलंय. धम्मदीप मला बोलला हुता की, सरांचं लई जड हाय आन् तुझं हलकं. आबा, ह्यानं माझं हलकं केलं आन् सोताचं तसंच ठिवलं."

आबा उठले. त्यांनी संपतच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी शेवटचा कधी ठेवला होता, ते संपतला आठवेना.

"थोरल्यानं असंच करावं," ते म्हणाले.

तोंडात पेढा होता, ही एक सोय झाली. आयुष्यभर ज्या शाबासकीची त्याने पुलाच्या एकेका रिव्हेटकडून अपेक्षा केली होती, ती त्याला मिळाली होती. आणि मिळाली होती त्या एका कृतीसाठी, जी त्याने नेमक्या उलट हेतूने केली होती. हेतू बाहेरून दिसत नाही. आबांनी परिणाम पाहिला आणि त्यावरून कारण काढले. त्यांच्या तर्कात चूक नव्हती, त्यांच्याकडे पुरावाच तेवढा होता.

"तुला आला का फोन, दादा?"

"येईल," संपत म्हणाला.

आला नाही. मंगळवारी त्याने स्टेशनजवळच्या एसटीडी बूथमधून स्वतः फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज मऊ आणि घाईचा होता.

"कोकरे? हो, हो, पूल. तुमचं पान आम्ही तीनदा उघडलं हो. पहिल्यांदा आकाश आलं. छान निळं होतं. थोडं खाली सरकलं आणि लाइन गेली. दुसऱ्यांदाही आकाशच. तिसऱ्यांदा मी लावून ठेवलं आणि चहा घेऊन आले, तेव्हा पुलाचा वरचा दांडा दिसायला लागला होता. मग पुन्हा गेली."

"म्हणजे तुम्ही चित्र पाहिलंच नाही."

"आकाश पाहिलं. त्यावरून कसं ठरवणार? तुमच्याच आडनावाच्या त्या अंकिता, त्यांचं कसं, उभ्या उभ्या सगळ्यांनी पाहिलं. फोटो अस्पष्ट होते जरा, पण मेंढ्या मात्र मेंढ्या होत्या. आमचे एक परीक्षक म्हणाले, त्या कडेच्या मेंढीला कुणीतरी आत घ्या." त्या हसल्या. "हे बघा, एक जागा अजून आहे. शुक्रवारपर्यंत तुमची चित्रं लहान करून चढवा. आम्ही पाहू. नक्की पाहू."

संपत बूथमधून निघून थेट कॅफेत गेला. "माझं पान या बाजूच्या मशीनवर उघड," तो धम्मदीपला म्हणाला.

धम्मदीपने उघडले. काळी पार्श्वभूमी आली, नाव आले. मग वरच्या कडेला निळी चिंधी दिसली. ती रेघभर खाली सरकली आणि थांबली. दोघेही पाहत राहिले. बाहेर मनमाडकडची पॅसेंजर लागली, भरली, सुटली. तिला लवकरच तो पूल लागणार होता. पडद्यावर अजून आकाशच होते.

"तुमच्या कोपऱ्यातल्या मशीननं सगळी चित्रं एकदा उतरवून स्वतःजवळ ठेवलीत, सर," धम्मदीप म्हणाला. "ती लाइनवरून आणतच नाही. म्हणून तिथं लगेच दिसतात. बाकी सगळ्यांना असं दिसतं."

उपकरण चुकीचे होते. महिनाभर तो ज्या यंत्रावर जग आपल्याला पाहते आहे असे समजत होता, त्या यंत्रावर तो एकटाच स्वतःला पाहत होता. आणि अंकिताचे पान त्याने स्वतःच्या हाताने, नीट विचार करून, जगाच्या मापाचे केले होते.

गुरुवारी अंकिता रजा टाकून आली. कलादालनाला पत्रिकेत छापायला तिची स्वच्छ चित्रे हवी होती. ती धम्मदीपकडे होतीच. काम आटोपल्यावर तिने खुर्ची संपतच्या शेजारी ओढली.

"बाई मला फोनवर बोलल्या, तुझी एक जागा हाय म्हणून. उद्याच्या आत पाहिजे. सरक, म्या करते. आता मला येतंय."

तिने पुलाचे चित्र उघडले. भीमेचे पाणी, बाभळी, कमानी, वर आगगाडी. मग तिने ती पट्टी आणली.

"कुठवर न्हेऊ? तीनवर? माझं तिथंच हुतं न्हवं?"

संपतने तिच्याकडे पाहिले. तिचे डोळे पडद्यावर होते.

"धम्मदीपनं दावलं," ती म्हणाली. "बरं झालं त्ये. न्हाईतर माझंबी आकाशच दिसलं असतं. म्हंजी माझ्यात आकाशबी न्हाई, निस्ता पुठ्ठा दिसला असता."

तिच्या आवाजात टोमणा आहे का, हे त्याने शोधले. सापडला नाही. नव्हता, की शोधण्याचे साधन अपुरे होते, हे त्याला ठरवता आले नाही.

तिने पट्टी तीनवर ओढली आणि रुंदी पोस्टकार्डाएवढी केली. सर्वांत आधी रिव्हेट गेले. मग लोखंडाच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या एकमेकींत मिसळून करडी फीत झाली. बाभळीच्या पानांचा हिरवा डाग झाला. ज्या पाण्यावर त्याचा सबंध नोव्हेंबर गेला होता ते पाटासारखे सपाट झाले. उरला एक पूल. कुठलाही, कोणीही काढलेला पूल.

पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिचा कळप उघडा होता, त्याच तीनवर, त्याच रुंदीचा. कडा उसवलेल्या, आकाश मळलेले. तरीही काळी मेंढी गाभण होती, कडेची लंगडत होती आणि गेरूचा पट्टा चुकीच्या फऱ्यावर ठाम होता.

दोन नमुने, एकच पट्टी, एकच पडदा. यापेक्षा निर्दोष प्रयोग त्याने कॉलेजातही मांडला नव्हता. शून्यत्रुटी शोधायला कुठे जागाच नव्हती.

अंकिताने पट्टी हळूच उजवीकडे सरकवली.

"सातवर ठिवू. सातवर बरं दिसंल." तिने पाहिले. "नवावर ठिवू. जराशी जड झाली तरी थांबतील त्या." पुन्हा पाहिले. "रुंदी वाढवू का थोडी?"

वर्गातल्या कच्च्या मुलाचे चित्र उचलून, यात चांगले काय आहे ते शोधणाऱ्या शिक्षिकेचा तो आवाज होता. लग्नपत्रिकेची थट्टा त्याने सोसली होती. ही माया त्याला सोसवेना. तिला चित्राचे खरे माप कळले होते, आणि ते त्याला कळू नये म्हणून ती एकेक घर पट्टी वाढवत होती.

"राहू दे," संपत म्हणाला.

"कुठल्या आकड्यावर?"

"होतं तसंच. बारावर. काही बदलू नकोस."

"दादा, इतकं जड कोण उघडणार?"

"ज्याला पाहायचंय तो थांबेल."

"तीनदा थांबल्या न्हवं त्या? आता न्हाई थांबायच्या. उद्याचा दिस गेला की जागा गेली."

"माहीत आहे मला."

मग तिने जतन न करता खिडकी बंद केली, पिशवी उचलली आणि चौफुल्याची गाडी गाठायला निघाली. दारात थांबून म्हणाली, "आबांला घेऊन ये पुण्याला. म्या त्यांना गेरूच्या पट्ट्याचं काय सांगणार न्हाई, कुठल्या फऱ्यावर हाय त्ये त्यांनाच बघू दे," आणि गेली.

संपत कोपऱ्यातल्या यंत्रापुढे बसून राहिला. सगळे अगदी सोपे होते. हलकी चित्रे चढवली तर उद्या बाई ती पाहतील, 'छान आहे' म्हणतील आणि दोन्ही हातांनी परत करतील. जड चित्रे कोणी पाहणार नाही. आणि जे कोणी पाहिलेच नाही ते कमी प्रतीचे होते, असे उद्या, परवा किंवा कधीही कोणी सिद्ध करू शकणार नाही. ज्या दाव्याची तपासणीच होऊ शकत नाही तो विज्ञानात मोडत नाही, हे तो मुलांना शिकवीत असे. ज्योतिषी नेमके असेच दावे करतात, हेही सांगून मुलांना हसवीत असे. आता त्याला त्या ज्योतिष्यांचा व्यवसाय समजला. तो आत जाऊन बसायला उबदार होता.

शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी हौसराव चहा देऊन गेला, न थांबता. संपतने आपल्या पानाचा पत्ता टाकला आणि कळ दाबली. पूल लगेच उघडला. रिव्हेट न् रिव्हेट जागेवर होता, बाभळीचे एकही पान गळले नव्हते. तळाचा आकडा एकाने वाढला.

"सर, तास संपला," धम्मदीप म्हणाला. "वाढवू का?"

"वाढव," संपत म्हणाला, आणि दुसऱ्या खिडकीत त्याने अंकिताचा पत्ता टाकायला घेतला.